आढ्यावरचा चहा

साइटवर किस्से कसे जमतात माहितीये? करवतीखाली भुसा जमतो तसे. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, पण कितीही झाडलं तरी घरी गेल्यावर खिशातून निघतोच! मी वीस वर्षं सुरतेत साइट सुपरवायझर आहे. बंगले, गोडाऊन, लूमचे शेड, सगळं बांधून झालं. तरी चार मित्र जमले की फर्माईश एकाच घराची होते. "भाऊ, ते इच्छापोरचं सांग ना!"

सांगतो. पण आधीच बजावतो, मला कारण विचारायचं नाही. कारणं देण्याचं खातं भीमरावांकडे होतं.

भीमराव आमचे गवंडी, भुसावळकडचे. भूत, नजर, मुहूर्त यांच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आमचे सुतार पुंडलिकतात्या, शिरपूरकडचे. त्यांचा सगळ्यांवर विश्वास. मी अमळनेरचा, दोघांच्या मधोमध. दिवसभर भीमरावांचं पटायचं आणि एकटा माळ्यावर चढलो की तात्यांचं!

* * *

रमणिकशेठचा साड्यांचा होलसेल धंदा. सुरतेबाहेर इच्छापोरच्या कारखान्यांपासून थोडं आत, शेतात त्यांचा प्लॉट. पहिल्या मीटिंगला त्यांच्या पत्नी कोकिलाबेननी आर्किटेक्ट रिद्धीबेनसमोर मोबाइल धरला. मोबाइलवर एका लाकडी घराचा फोटो होता. पहाडातलं घर, उतरतं मोठं छप्पर, लाकडी गॅलरी, आढ्याखाली त्रिकोणात एक छोटी खिडकी.

"आवुंज घर जोईए," कोकिलाबेन म्हणाल्या. अगदी असंच.

रिद्धीबेन हसून म्हणाल्या, "शॅले म्हणतात याला. छप्पर एवढं उतरतं असतं ते बर्फ घसरून जावा म्हणून."

मी बोलून गेलो, "सुरतेत बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पडतो!"

कुणीच हसलं नाही. शेठ खिडकीबाहेर बघत होते. नंतर ड्रायव्हरकडून कळलं, तो फोटो त्यांच्या धाकट्या मुलानं, मितेशनं, पाठवला होता. दुकानावरून बापाशी कडाक्याचं भांडण झालं आणि तो पहाडात निघून गेला. हा एक फोटो आला, मग फोन बंद. त्याला चार वर्षं झाली होती. थोरला भाऊ दोनदा जाऊन शोधून आला, पत्ता नाही. तेव्हापासून शेठनी त्याचं नाव घेतलं नव्हतं.

घर फोटोसारखं होणार, हे कोकिलाबेननी जिंकलं. पण माणसं पाच, खोल्या पाचांच्याच, हे शेठनी. शेठ, बेन, थोरला मुलगा, सून आणि नात. छपराखालची ती छोटी खोली आणि तिची खिडकी शेठनी लाल पेननं खोडली.

आपल्या विनोदाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

* * *

आता त्या खिडकीचीच गंमत ऐका. गंमत म्हणतोय खरा.

रिद्धीबेननी ड्रॉइंगमधून खिडकी काढून टाकली. मी फाइल घेऊन पर्वत पाटिया भागातल्या प्रिंटवाल्याकडे गेलो. मोठा कागद मशिनमधून सरसरत बाहेर आला आणि त्यात खिडकी!

"जुनी फाइल पाठवलीत," मी फोनवर म्हणालो. त्यांनी पुन्हा पाठवली. पुन्हा खिडकी. प्रिंटवाला वैतागला, "साहेब, फाइलमां होय तो आवे ने!" मी त्याच्या स्क्रीनवर डोळे फाडून बघितलं. स्क्रीनवर भिंत कोरी होती.

भीमरावांनी साइटवरून निदान केलं. "अहो, कम्प्युटरमध्ये एकावर एक लेयर असतात. एखादा लपून राहिला असेल. त्यात काय घाबरायचं?"

पटलं. तिसऱ्यांदा रिद्धीबेन स्वतः आल्या, सगळं ड्रॉइंग नव्यानं काढून. प्रिंट निघाली. त्यांनी ती टेबलावर पसरली, बराच वेळ वाकून बघितली आणि चष्मा काढला.

"भाऊ, खिडकी एक वेळ समजू शकते. पण तिला पडदा लावलाय. पडदा तर मी कधी आखलाच नव्हता!"

* * *

शेवटी प्रिंटवरची खिडकी हातानंच खोडून काम सुरू झालं. लाकडावरूनही वाद झाला. अशा घराला देवदार शोभतो, असं रिद्धीबेनचं म्हणणं. शेठ ताडकन उठले. "पहाडनुं लाकडुं मारा घरमां नहि!"

मग जुन्या गिरणीच्या पाडकामातला साग आणला. सगळा साग. एकेक ओंडका मी स्वतः उतरवून घेतलाय, देवदाराची काडीसुद्धा आली नाही.

मे महिन्यातली दुपार. जेवून आम्ही अर्धवट घरात सावलीला पडलो होतो. तात्या एकदम उठून बसले. नाक वर करून चारी दिशांना फिरले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "भाऊ, आठे देवदारना वास येस."

मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. मग मलाही आला. थंड, गोडसर. घामानं चिकटलेल्या अंगावर काटा आला.

"वार्निश आहे ते," भीमराव डोळे न उघडता म्हणाले.

वार्निशचे डबे कोपऱ्यात होते. सीलबंद.

* * *

आमचा चहा यायचा कारखान्यांच्या गेटजवळच्या मावशींकडून. कपबशीतून, कारण तात्यांना कागदी कपातला चहा म्हणजे औषध वाटायचं. आम्ही तिघं आणि तात्यांच्या हाताखालचे दोन सुतार, असे पाच जण. मावशी रोज सहा कप आणायच्या.

आठवडाभर मला वाटलं, चुकतात. मग म्हटलं, "मावशी, आम्ही पाचच आहोत."

मावशींनी मान वर केली. "आन् तो वर बसतो तो? आढ्यावर, पाय खाली सोडून? त्याला नको?"

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. नुकतंच चढवलेलं आढं, म्हणजे छपराचं सगळ्यात वरचं लाकूड, आणि त्यामागे आभाळ. बाकी काही नाही.

तात्या जागच्या जागी पुटपुटायला लागले. भीमराव मात्र हसले. "मावशी, उन्हातून चालत येता, डोळ्यांपुढे अंधारी येते." आणि आमची भीती मोडायला त्यांनी सहावा कप उचलला, शिडी चढले, आढ्यावर बशीसकट ठेवला. "घे रे बाबा, गरम आहे!"

मग कामात सगळे विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिलाबेन साइटवर आल्या. घर बघता बघता त्यांची नजर वर गेली आणि त्या विटांच्या ढिगावर मट्‌कन बसल्या.

"ए कप कोणे मूक्यो?"

"मीच ठेवला बेन," भीमराव म्हणाले. "चहा उन्हानं आटला असेल, आणतो खाली."

"पण ऊंधो कोणे कर्यो?"

तेव्हा आमचं लक्ष गेलं. कप बशीवर उपडा घातलेला होता. कोकिलाबेन पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मारो मितेश चा पीने कायम कप ऊंधो मूके." चहा पिऊन झाला की कप उपडा ठेवायची त्याची लहानपणापासूनची सवय.

भीमराव वाऱ्यानं, माकडानं असं काहीतरी म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी आपला चहा अर्धाच प्यायला.

* * *

आता तात्यांच्या खुंट्यांबद्दल सांगायला हवं. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली रीत. छपराचं आढं बसलं की त्यात घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं बाभळीची एक खुंटी ठोकायची. नाव घ्यायचं, हातोडा मारायचा. खुंटी वर जाड, खाली निमुळती. वरूनच ठोकावी लागते, आणि टोक खाली बोटभर बाहेर येतं. खालून कितीही जोर लावा, बसत नाही.

तात्यांनी शेठना आणि बेनना समोर उभं केलं. "घरमा कितला मानसे शेतस?"

"पांच," शेठ म्हणाले.

"छ," बेन म्हणाल्या. सहा, त्याच क्षणी.

तात्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी नियम सांगितला. "जित्ता मानूसनीच खुटी बसस. मरेल मानूसना नावनी ठोकी ते आढं फुटस."

जिवंत माणसाचीच खुंटी बसते. गेलेल्याच्या नावानं ठोकली तर आढं चिरतं.

कोकिलाबेन हात जोडून म्हणाल्या, "ठोको तात्या. मारो दीकरो जीवे छे." माझा मुलगा जिवंत आहे.

शेठ तरातरा निघून गेले. मला वाटलं, हा माणूस आहे की दगड! राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. पाण्याच्या टाकीमागे हात धुवायला गेलो तर शेठ तिथे तात्यांसमोर उभे होते. एवढा मोठा व्यापारी, पण शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

"तात्या," ते म्हणाले, "फाटी गयुं तो?"

चिरलं तर?

नाव न घेणारा बाप आतून चार वर्षं काय घेऊन जगत होता, ते मला त्या तीन शब्दांत कळलं. माझा राग तिथेच गळाला.

पाच खुंट्या ठोकल्या. छिद्रं मात्र तात्यांनी बेनच्या शब्दाखातर आधीच सहा पाडली होती. सहावं तसंच राहिलं. सहावी खुंटी, कोरून तयार केलेली, तात्यांनी आपल्या हत्यारांच्या पिशवीत टाकली. नंतर वर फळ्या आल्या, फळ्यांवर वॉटरप्रूफ शीट, शीटवर कौलं. छप्पर बंद झालं. कोकिलाबेन यायच्या तेव्हा खाली उभ्या राहून त्या रिकाम्या छिद्राकडे बघायच्या. आधी त्यातून आभाळाचा ठिपका दिसायचा. आता काळं दिसत होतं.

* * *

वास्तुपूजनाचा दिवस. सकाळी दहाचा सुमार, पाहुण्यांची गर्दी, कुणी गॅलरीत फोटो काढतंय, कुणी विचारतंय की बर्फ कधी पडणार. गुरुजींना तोरण आढ्याला बांधून हवं होतं. भीमराव शिडी चढले. पूजेवर विश्वास नसला तरी शिडीवर होता.

तोरणाचं एक टोक बांधलं. दुसरं बांधायला सरकले आणि थांबले. मी खालून बघत होतो. त्यांचा हात आढ्यावरून हळूहळू फिरत गेला, परत आला, पुन्हा गेला. ते मोजत होते.

"भाऊ," त्यांचा आवाज बारीक झाला होता, "तात्यांना बोलवा."

तात्या आले. भीमराव वरूनच म्हणाले, "ही सहावी कधी ठोकली?"

तात्यांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. पाच काळपट टोकं आणि त्यांच्या शेजारी एक फिकट, पिवळसर. बोटभर बाहेर आलेलं. तात्यांनी घाईघाईनं पिशवी जमिनीवर उलटी केली. पटाशी, गुण्या, खडू आणि बाभळीची सहावी खुंटी. जशी ठेवली तशी.

"मी नहीं ठोकी," तात्या म्हणाले. "आते वरथून ठोकाले जागाच कोठे शे?"

मी बाहेर धावलो. छप्पर बघितलं. एकही कौल हललेलं नव्हतं, आढ्यावरच्या सिमेंटला टाचणीएवढी फट नव्हती. परत आत आलो.

शेठ शिडी चढत होते. साठी उलटलेला, गुडघेदुखीचा माणूस, नवं रेशमी धोतर एका हातात धरून. कुणी अडवलं नाही. मी आणि तात्यांनी शिडी घट्ट धरली. घोडा-शिडीच्या पलीकडच्या बाजूला सरकून भीमरावांनी त्यांना जागा दिली.

शेठनी खुंटीला हात लावला नाही. आधी त्यांनी तिच्याभोवतीच्या सागावर तळवा फिरवला. सावकाश, इंच इंच, हात पोचेल तिथपर्यंत. चीर शोधत होते ते. खाली पन्नास माणसं माना वर करून उभी. मग त्यांनी खुंटी मुठीत धरली आणि कपाळ आढ्याला टेकवलं. त्यांचे खांदे हलायला लागले.

"नथी फाट्युं," ते म्हणाले. "कोकिला, नथी फाट्युं!" नाही चिरलं!

कोकिलाबेन पूजेच्या पाटावरून उठल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले, एवढंच.

शेठ उतरले. थेट त्यांच्यासमोर जाऊन त्यांनी आपला तळवा पुढे केला. बेननी तो हुंगला. वास माझ्यापर्यंतही आला. थंड, गोडसर, देवदाराचा.

शेठ तात्यांकडे वळले. भर सभेत, मोठ्यानं म्हणाले, "तात्या, तमे पूछ्युं हतुं ने? मारा घरमां छ माणस छे. छठ्ठो मारो मितेश."

आम्ही सगळ्यांनी सवयीनं भीमरावांकडे बघितलं. कारणाची वाट बघत. ते अजून शिडीवरच होते, तोरणाचं सुटं टोक हातात धरून. त्यांनी त्या फिकट टोकाकडे एकदा बघितलं.

"मावशींना चहा सांगा," ते म्हणाले. "आणि एक जास्तीचा."