दुसरी हाक

आमच्या शकुने जन्मात कधी पहिल्या भावाला वस्तू घेतली नाही. मी तिची शेजारीण, घाटकोपरला वीस वर्षं भिंतीला भिंत. माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नाची भांडी तिनेच घेऊन दिली. तिची एक रीत होती. आपला भाव सांगायचा, दुकानदार नाही म्हणाला की पाठ फिरवून चालू पडायचं. तो हाक मारणारच, "ओ मावशी, या इकडे." त्या हाकेला वळायचं नाही. दुसरी हाक आली की वळायचं. "पहिल्या हाकेला वळली ती फसली," असं मला शिकवायची. मला मेलीला कधी जमलं नाही. कोणी हाक मारायच्या आधीच मी वळायची.

तिचा नवरा दादू, आमचे दादूभावजी, रंगारी. अर्ध्या अंधेरीच्या भिंती रंगवल्यात त्यांनी. गेल्या जूनमध्ये लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. पण सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणं त्यांनी कधी चुकवलेलं नाही, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जायचे. यंदाही जाणार, एवढ्या एकाच गोष्टीवर ते उठून बसत होते. त्यासाठी चाकाची खुर्ची हवी होती. भाड्याने आणू म्हटलं तर ऐकेनात. चार आजारी माणसं बसून गेलेल्या खुर्चीतून मी बाबासाहेबांकडे जाणार नाही, म्हणाले.

दिवाळीत त्यांच्या मिथुनने आईला फोनवर खुर्ची दाखवली. सेल होता. वरचा भाव खोडलेला, खाली कमी केलेला. शकु म्हणाली, "खोडलाय म्हणजे तो आधीच खाली यायला तयार आहे. अजून उतरेल." खुर्ची कार्टात टाकली आणि तशीच सोडून दिली. पाठ फिरवली म्हणा ना.

सेल संपला, भाव चढला. मग बाईला नादच लागला. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा, माझ्या फोनवर बघावं तर तिसराच. तीच खुर्ची, तोच रंग. तोंड बघून भाव सांगतात की काय हे? माझं डोकं सटकलं. भाजीवाल्याने फसवलं तर त्याला चार शिव्या तरी देता येतात, इथे कोणाच्या नावाने बोंबलायचं?

नोव्हेंबर संपता संपता तिच्या फोनवर मेसेज आला, तुमच्या कार्टातल्या वस्तूचा भाव कमी झालाय. शकु हसत माझ्याकडे आली. "बघ, बोलावलं की नाही?"

"मग घे ना गं."

"ही पहिली हाक."

मिथुन तिथेच होता. म्हणाला, "आई, तिथे कोणी माणूस बसलेला नाहीये. तू गेलीस काय, राहिलीस काय, त्याला घंटा कळतंय."

"गिऱ्हाईक जातंय हे सगळ्यांना कळतं," ती म्हणाली. आयुष्यभर कळलंच होतं ना सगळ्यांना. तिचं तरी काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी भाव दिवाळीच्याही वर. शकु वाट बघत राहिली. फोन उशाशी घेऊन झोपायची. डिसेंबर लागला तेव्हा मिथुनने चिडून तो हातातून ओढून घेतला आणि होता त्या भावाला खुर्ची मागवली. पाच तारखेला येणार होती.

पाच तारखेला त्यांचं दार दिवसभर उघडं. संध्याकाळी मेसेज आला, उशीर होतोय, आठ तारखेला मिळेल. मायलेक धावले, मेडिकलवाल्यांचे उंबरे झिजवले. पैसे भरा, दोन दिवसांत आणून देतो, हेच सगळीकडे. मिथुन म्हणाला, उचलून नेतो. पण भावजी अंगाने थोराड, आणि तिथली रांग तासन्‌तास.

सहाला सकाळी मी चहा घेऊन गेले. भावजी पांढरा सदरा घालून पलंगावर, दाराकडे तोंड करून बसलेले. खुर्ची येणार नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मला बघून म्हणाले, "जय भीम." मग शकुकडे बघून विचारलं, "आली?"

शकु खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. भाव उतरला होता तेही, आपण थांबलो तेही. मला वाटलं होतं भावजी चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते काहीतरी बोलले, पण आम्हाला कळलं नाही. जीभ सावरून पुन्हा बोलले.

"माझ्यासाठी तरी... मागेल ते... द्यायचं होतंस गं."

मग उजव्या हाताने सदऱ्याची बटणं काढायला लागले. शकु मदतीला पुढे झाली, तर तिचा हात बाजूला केला. मी चहा तिथेच ठेवला आणि घरी येऊन पोटभर रडले.

आठ तारखेला खुर्ची आली. शकुने पुसून पलंगाजवळ लावली. भावजी त्या खुर्चीकडे बघायचेसुद्धा नाहीत. बाथरूमला जायचं तरी मिथुनच्या खांद्याला धरून, पाय ओढत जायचे. शकुने किती विनवण्या केल्या, हातापाया पडली.

जानेवारीत दुसरा झटका आला. खाली ॲम्ब्युलन्सपर्यंत न्यायला आम्ही त्यांना त्या खुर्चीत बसवलं. त्यानंतर ते घरी आलेच नाहीत. तेवढंच काय ते तिच्यात बसले, तेही शुद्ध नव्हती म्हणून.