दुसरी चांदणी

वडिलांनी जन्मभर जपलेला चांदीचा रुपया देऊन मी दोन रुपयांचं एक नाणं घेतलं. नाण्यांच्या प्रदर्शनात, एका अनोळखी माणसाकडून, आणि वर त्याचे आभार मानून. सालाखाली टांकसाळीची खूण म्हणून एकच चांदणी असते. या नाण्यावर दोन होत्या. मला वाटलं, घबाड सापडलं.

घरी सांगण्याआधी खात्री करावी म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला नानाकाकांकडे गेलो. त्यांचं आयुष्य जुन्या नाण्यांत गेलेलं. त्यांनी भिंग लावलं.

"ठसा कोरतानाच चूक झाली असती, तर दोन्ही चांदण्या सारख्याच उठून दिसल्या असत्या. ही दुसरी बघ, चपटी आहे. ठसा चांगलाच होता रे. नाणं पाडताना जरासा हलला. असली पैशाला पासरी मिळतात."

परतताना बसमध्ये नाणं खिशात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. माझं हे असं भुलणं तरी कुठून आलं? मुळात ठशातच असेल, तर दोष घराण्याचा, मी सुटलो. पण ठसा चांगला असून ऐन वेळी मीच हललो असेन तर? या घोळात माझा थांबा मागे गेला.

घरी बायकोला सगळं सांगितलं, भिंगातल्या चांदणीसकट. शेवटी हळूच म्हटलं, "हा वेंधळेपणा बाबांकडूनच आला असणार."

तिने मेथी निवडता निवडता मानही वर केली नाही.

"मामंजींनी तो रुपया मरेपर्यंत सांभाळला. ठसा चांगलाच होता. हललात तुम्ही."