बरणीबाईंचा हात

बरणीबाई कुणाच्याही घरी गेल्या तरी दिवाणखान्यात टेकत नसत. पाणी आणायला उठलेल्या माणसाच्या मागोमाग त्या थेट स्वयंपाकघरात शिरत. खराडीतल्या आमच्या कंपनीत त्या काचेच्या भांड्यांचे आकार ठरवत. मी त्यांच्या हाताखाली होते. लोक भांडं कसं धरतात, कशानं पुसतात, कुठं ठेवतात, हे बघितल्याशिवाय त्या कागदावर रेघ मारत नसत.

हे नाव पडलं ते लोणच्याच्या बरणीवरून. मांजरी गावातल्या एका घरी बरणी घासताना बाईच्या बांगड्या तोंडाशी अडकताना त्यांनी पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या तयार साच्याचं तोंड रुंद करायला निघाल्या. मालक वैतागले.

"अहो, बांगड्या काढून घासता येत नाही का?"

"येते की. आधी तुम्ही ती अंगठी काढून दाखवा."

मालकांची अंगठी कित्येक वर्षांत बोटातून निघाली नव्हती. साचा बदलला.

मग बाईंचा उजवा हात कापू लागला. त्या मीटिंगमध्ये पाणी पिईनाशा झाल्या, नमुने हातात न देता टेबलावरून सरकवू लागल्या. हा कंप वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाल्याचं त्यांनी मला जिना उतरता उतरता सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत खालचा मजला गाठला. पुढचे काही आठवडे त्यांच्या तोंडाला कुणी लागत नव्हतं.

एका सकाळी त्यांनी ताकानं भरलेला पेला टेबलावर ठेवला. "मोबाइल काढ. माझा हात शूट कर."

"बाई, कशाला?"

"लोकांच्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर घुसताना नाही विचारलंस कधी!"

ताक टेबलभर सांडलं. तो व्हिडिओ त्यांनी इतक्यांदा बघितला, की मला तिथं बसवेना. त्यातूनच नवा पेला निघाला: बूड जड, आणि मधोमध दोन्ही तळवे टेकतील असा कंगोरा.

नमुना आला त्याच दिवशी बाई कायमच्या लेकीकडे, बंगळुरूला निघाल्या होत्या. खाली गाडी उभी होती. मी पेल्यात अर्धंच ताक ओतलं.

"पूर्ण भर. कंजूषपणा कसला करतेस?"

दोन्ही हातांनी उचलून त्यांनी पेला रिकामा केला. साडीवर एकच थेंब पडला. मला रडू आवरेना. खालून ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. बाई मात्र त्या थेंबाकडे बघत खुर्ची ओढून पुन्हा बसल्या.

"काठ अजून जरा आत घ्यायला हवा," म्हणाल्या. "रडतेस काय, कागद दे."