भावजी, लिनक्स आणि माझी यादी

मंगळवारी सकाळी साडेनऊला फोन आला तेव्हा मी ऑफिसात हजेरीपत्रक तपासत होते. सदाशिव पेठेतून सुहासभावजींच्या खालच्या मजल्यावरच्या बाई बोलत होत्या. दूध घेऊन जिना चढताना भावजी मध्येच पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. मी "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि एक पाठकोरा कागद ओढून यादी केली. मिलिंदला सांगणे, सुनंदाताईंना आणायला गाडी, डॉक्टरांचा दाखला, कळवायची एकवीस नावं. दुपारी चारपर्यंत सगळ्या ओळींवर काट मारून झाली. मग करायला काही उरलं नाही... आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.

सुहास म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मिलिंदचा, धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करण्यात नोकरी झाली, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि लोकांचे जुने लॅपटॉप घेऊन बसायला लागले. कंपनीने हात वर केले, दुकानदाराने "नवा घ्या" सांगितलं, की तो लॅपटॉप भावजींकडे यायचा. ते त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घालून द्यायचे. लिनक्स कुणीही फुकट वापरावं असं असतं, आणि त्याच्या काही हलक्या आवृत्त्या दहा-बारा वर्षांच्या यंत्रावरही बऱ्या चालतात, एवढं मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांनी दारावर कागद लावला होता : "लॅपटॉपसोबत चार्जर आणावा. चार्जर विसरणाऱ्यांनी लॅपटॉपही विसरावा." आत गेल्यावर मात्र आलेल्या आजोबांना माऊस कसा धरायचा ते चौथ्यांदा दाखवताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढायचा नाही.

माझा लॅपटॉप सुरू व्हायला चहा होऊन, पिऊन, कप विसळून होईपर्यंत वेळ घ्यायचा. मी तो भंगारात द्यायचं ठरवलं, तेव्हा भावजी वाघोलीला आमच्याकडे जेवायला आले होते. म्हणाले, "वहिनी, घरात कुणी हळू चालायला लागलं की तुम्ही लगेच भंगारवाल्याला फोन करता का? मग मला सावध राहायला हवं."

"तुम्ही आधीपासूनच हळू आहात. तरी ठेवलंय ना?"

"उपकार आहेत. आता असं करा, त्यातलं काय काय ठेवायचं त्याची यादी द्या. बाकी सगळं पुसून नवं घालतो."

यादी मागायला त्यांना माझ्याइतकं योग्य माणूस सापडलं नसतं. मी दोन पानं लिहून दिली. बँकेची कागदपत्रं, सोसायटीचे हिशेब, मुलीच्या मार्कलिस्टा, फोटोंचे फोल्डर सालवार. पुढच्या रविवारी त्यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर काम काढलं. यादीतलं एकेक उतरवून झालं, आणि पडद्यावर तो प्रश्न आला, की डिस्कवरचं सगळं पुसायचं आहे, नक्की ना? भावजींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "एकदा बघून घ्या. इथून मागे फिरता येत नाही." मी फोनवर सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या आचाऱ्याशी बोलत होते. फोनवर हात ठेवून म्हटलं, "यादीतलं सगळं घेतलंत ना? मग पुसा."

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर सुनंदाताई, म्हणजे या दोघांची मोठी बहीण, म्हणाल्या, "अगं, आईची ती रेकॉर्डिंग लाव ना." शेवटच्या वर्षात मी सासूबाईंना बोलतं करून सात रेकॉर्डिंग केली होती. कोण कुणाची कोण, कोणाचं लग्न कसं जमलं, मध्येच माझ्या आमटीवर शेरा. फोन बदलला तेव्हा ती तिथून काढून लॅपटॉपवर ठेवली होती. मी लॅपटॉप उघडला. नव्हती. पंधरा माणसं बसली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भावजींनी पुसलं."

भावजींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "हो. माझ्याकडून राहिलं."

"आईचा आवाज होता रे तो," ताई म्हणाल्या. पुढे दोन महिने त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भावजी दुसऱ्याच दिवशी आले, डिस्कची जशीच्या तशी प्रत करून घेऊन गेले आणि पुसलेल्यातलं काही परत मिळतंय का ते बघत बसले. पंधरा दिवसांनी त्यांनी नुसती मान हलवली.

पावसाळ्यानंतर कधीतरी मला फोनमध्ये त्या यादीचा फोटो सापडला. मी दोन्ही पानं तीनदा वाचली. रेकॉर्डिंग त्यात नव्हतीच. ती पडद्यावर अगदी समोर असायची, रोज दिसायची, म्हणून लिहायचं सुचलंच नव्हतं. त्यानंतर मी घरात कुणालाच काही बोलले नाही. भावजी जेवायला आले की त्यांना जास्तीची पोळी वाढायची, एवढंच.

शेवटी एका दुपारी त्यांच्याकडे गेले आणि दारातच सांगून टाकलं. ते एका कीबोर्डचे स्क्रू काढत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे, वहिनी. यादी माझ्याकडेच होती की."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही पहाटेपासून उभ्या होतात. आणि ओरडा खायचा सराव तुमच्यापेक्षा मला जास्त. धाकटा ना मी."

मी म्हटलं, ताईंना आजच सांगते. तर म्हणाले, "कशाला? आत्ता कुठे ती माझ्याशी बोलायला लागलीये. आता तुमच्याशी बंद करायचं का? बसा, चहा टाकतो." मी बसले. चहा प्यायले. ताईंना सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे चार वर्षं नाही. सोपं होतं ते.

तेरावं झाल्यावर ताई आणि मी त्यांची खोली आवरायला गेलो. दुरुस्तीला आलेले लॅपटॉप घेऊन जायला ज्याला त्याला कळवलं. मग त्यांचा स्वतःचा उघडला, एका बाजूची बिजागरी तुटलेला, तारेने बांधलेला. त्यात "आई" नावाचं एक फोल्डर होतं. माझ्या डिस्कमधून काढलेले तुकडे, आणि सोबत एक टिपण. प्रत्येक तुकड्यापुढे त्यांनी लिहिलं होतं : नुसती खरखर. काही नाही. काही नाही. खरखर. शेवटची नोंद ते गेले त्याच्या तीन आठवडे आधीची होती. चार वर्षं मी त्या पुसण्याकडे फक्त माझा अपराध म्हणून बघत होते. आई त्यांची होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ताई टिपण वाचत होत्या. म्हणाल्या, "आणि मी दोन महिने अबोला धरला याच्याशी."

तेव्हा मी सांगितलं. यादी, फोटो, पंधरा माणसांसमोर मी काय म्हटलं, आणि ते काय म्हणाले, सगळं. मी काही कारण दिलं नाही. मग ताई पडद्याकडे वळल्या आणि त्यांनी शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. भावजींनी लिहिलं होतं : "तुकडा एकेचाळीस. चार सेकंद. पंख्याचा आवाज. आईच्या खोलीतला वाटतो."

"लाव," त्या म्हणाल्या.

मी लावला. सासूबाईंच्या खोलीतला पंखा दर फेऱ्याला टक् करतो. बदलू म्हटलं की त्या म्हणायच्या, राहू दे, सोबत होते. टक्... टक्... टक्... आणि संपलं. बोलणं सुरू व्हायच्या आधीच.

"तोच आहे," ताई म्हणाल्या. माझ्या शेजारची खुर्ची ओढून त्या जवळ बसल्या. "परत लाव गं."