हितेंद्रच्या फाईलीतली एकशे त्रेसष्ट वळणं

हितेंद्रची फाईल मोजायला धुळ्याहून माणूस येणार असं अमृतभाऊंनी सांगितलं तेव्हा मोहिनीला आधी काही समजलंच नाही. फाईल काय वजनाने मोजतात का काय. ती म्हणाली, "भाऊ, मोजायचं काय त्याच्यात? चालू तं आहे ना."

अमृतभाऊ म्हणजे यावलच्या त्यांच्या केळीवाल्या गटाचे अध्यक्ष. माणूस भला. पण त्या दिवशी खाली बघून बोलत होते. "पोरी, चालू आहे, पण कोणाले हात लावता येत नाही. धुळ्याची कंपनी पहिले मोजीन. ठीक निघालं तं हितूचंच ठेवू, ते फक्त सांभायतीन. नाही निघालं तं नवीन करा लागीन."

नवीन म्हणजे हितूचं काढून टाकणार. तेवढं मोहिनीला बरोबर समजलं.

हितेंद्र तिचा धाकटा भाऊ. जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. संक्रांत झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात, सकाळी मेहरूणच्या तलावावर फिरायला गेला, बाकावर बसला, बाजूच्या माणसाला म्हणे दादा पाणी आहे का, आणि तो माणूस बाटली घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. बत्तीस वर्षांचं पोरगं. सुपारीचं खांड पण कधी तोंडात टाकलं नाही त्याने. डॉक्टर म्हणाले हृदय. आता हृदय म्हणजे काय सांगायचं आईला. ती अजून विचारते, त्याले पाणी भेटलं होतं का नाही.

लहानपणी काही असं हुशार बिशार नव्हता तो. पण कोणाचं काम अडलं असलं की याला बसवत नव्हतं. शेजारच्या आजीचा रेडिओ, वडिलांच्या विहिरीवरचं स्टार्टर, सगळं उघडून बसायचा, अर्ध्या वेळेस बिघडवायचा, मग रडायचा, मग दुरुस्त करायचा. भुसावळला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. पुण्याला दोन वर्षं नोकरी केली. मग वडिलांचा पाय मोडला म्हणून आला तो परत गेलाच नाही. जळगावला मेहरूणमध्ये खोली घेतली, दुकानवाल्यांच्या वेबसाईटी करून द्यायचा. रविवारी यावलला घरी.

मोहिनी दहावी नापास, सासरहून परत आलेली. तिला गटाच्या ऑफिसात फोन उचलायचं काम लागलं ते पण हितूमुळेच. केळीच्या कापणीचं काम म्हणजे दिवसांचा खेळ. घड तयार झाला की चार-पाच दिवसांत उतरवावा लागतो, नाहीतर झाडावरच पिवळा पडतो, मग व्यापारी ढुंकून बघत नाही. गाडी आणि कापणारी टोळी एकाच दिवशी बागेत पाहिजे. आधी हे सगळं फोनवर आणि वहीत चालायचं, रोज भांडणं, माझी पाळी त्याला कामून दिली. हितू दोन रविवार बहिणीच्या बाजूला बसून हे बघत राहिला. मग म्हणाला, ताई, मी तुले एक करून देतो.

आणि करून दिलं. शेतकऱ्याने मोबाईलवर नोंद करायची, कुठली बाग, किती घड. ती मोहिनीच्या पडद्यावर यायची, टण वाजायचं, तिने हिरवं बटण दाबलं की गाडी आणि टोळी ठरली. बटणं मोठी मोठी केली होती. मोहिनीला इंग्रजी येत नाही म्हणून सगळं मराठीत. आतमध्ये एक मेन फाईल होती, तिला कंट्रोलर म्हणतात. बाहेरून येणारं सगळं पहिले तिच्याकडे येतं आणि ती ठरवते याचं काय करायचं, कोणाकडे पाठवायचं. हितू हसून म्हणायचा, "ही फाईल म्हणजे तूच आहे ताई. फक्त चिडत नाही."

पहिल्या वर्षी ती फाईल छोटी होती म्हणे. मग लोक मोहिनीकडे यायला लागले.

चुडामण आबा आले. "मोहिने, त्या हितूले सांग, शनवारी मह्या बागेत गाडी धाडू नको. मह्या पोरगा शनवारी गेला. शनवारी मी कोयता हातात घेत नाही." मोहिनीने फोन लावला. हितू म्हणाला, करतो.

शेवंताबाई आल्या. एकट्या बाई, वाचता येत नाही, मोबाईलवर मेसेज आला तर दुसऱ्याला दाखवायला लागतो, आणि दाखवला की गावभर होतं कापणी कधी आहे ते. "मले फोन येऊ दे बापा, मेसेज नको." हितू म्हणाला, करतो.

पुना आणि त्याचा भाऊ, दोघांच्या बागा एकमेकाला लागून, बैलगाडीएवढा रस्ता एकच, आणि बोलणं बंद सहा वर्षांपासून. दोघांची गाडी एका दिवशी आली की रस्त्यावरच जुंपायची. तर एकाची लागली की दुसऱ्याची त्या दिवशी लागायला नको. पण एकाच्या बागेत पिकायला आलं असेल तर लागायला पाहिजे. पण मग वेगळी टोळी.

"काय वो ताई," हितू फोनवर म्हणायचा, "हे लोक केयी लावता का भानगडी लावता?"

"तुले जमत नसीन तं सांग, मी नाही म्हनते त्याहिले."

"तू नाही म्हनशीन? तू?" आणि खूप हसायचा. "सांग, काय आहे पुनाभाऊचं."

तो यावलला आला की मोहिनी कागदावर लिहून ठेवलेलं एकेक वाचायची आणि तो तिथेच बसून त्या एकाच फाईलीत घालायचा. असं असलं तर असं कर, नसलं तर तसं कर. वेगळं करून नीट मांडायला वेळ पाहिजे, आणि आबा तर समोर खुर्चीवर बसलेले, चहा पिऊन झाला तरी उठत नाहीत. सहा वर्षं असं चाललं. कोणाला नाही म्हटलं नाही. लोक म्हणायचे, रतिलालच्या हितूने काय केलं यार, मशीनला आपलं घरचं सगळं माहीत आहे.

मग तो गेला.

दर वर्षी संक्रांतीनंतर तो भोंगऱ्याच्या तारखा स्वतः आत टाकायचा. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो, कापणारी टोळी तिकडचीच, ती त्या आठवड्यात आपल्या गावी जाते, काही झालं तरी थांबत नाही. या वर्षी तारखा टाकायला कोणी नव्हतं. मोहिनीच्या पडद्यावर टोळी दिसत होती, तिने हिरवं बटण दाबलं. चुडामण आबांच्या बागेत गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि माणूस एक नाही. भुसावळचा स्वप्नील म्हणून एक पोरगा आहे, हितूच्या कॉलेजचा, त्याला बोलावलं. त्याने तारखा टाकल्या तर टोळीचं जमलं, पण आबांची गाडी शनिवारी लागली. ते नीट केलं तर शेवंताबाईंची नोंदच दिसेना. स्वप्नीलने हात जोडले. म्हणाला, "ताई, एक ओढलं की दुसरीकडे उसवतं. मला भीती वाटते."

तोपर्यंत आबांची अर्धी बाग झाडावर पिवळी झाली. आबा ऑफिसात आले, खुर्चीवर बसले, आणि काहीच बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धुळ्याहून आली ती मेघा. लहानखुरी, पाठीवर सॅक, एसटीने आलेली, उन्हाने लाल झालेली. मोहिनीने तिला पाणी दिलं, हितूच्याच खुर्चीवर बसवलं, आणि बाजूला उभी राहिली, जशी डॉक्टरकडे पेशंटचा नातेवाईक उभा राहतो तशी.

मेघाने काहीतरी चालवलं. मिनिटभर पण लागलं नाही. पडद्यावर आकडे आले.

"किती आले?" मोहिनीने विचारलं.

"एकशे त्रेसष्ट."

मोहिनीचा चेहरा फुलला. तिने अमृतभाऊंकडे बघितलं. "बघा भाऊ, म्हटलं ना तुम्हाले. एकशे त्रेसष्ट! पास ना मंग?"

 मेघा हळू आवाजात म्हणाली, "ताई, हा आकडा कमी असायला पाहिजे. हे मार्क नाहीत. एका कामाच्या आत किती ठिकाणी वाट फुटते, त्याची मोजणी आहे. असं असेल तर इकडे, तसं असेल तर तिकडे, अशी वळणं. दहापर्यंत असली तर दुसऱ्या माणसाला समजतं. एकशे त्रेसष्ट म्हणजे ज्याने लिहिलं त्याच्याशिवाय कोणाला..." पुढचं तिने सोडून दिलं.

"अन् तो दुसरा आकडा?"

"तो मार्कासारखा आहे. शंभरपैकी. पुढे सांभाळायला किती सोपं ते सांगतो."

"मंग किती?"

"चार."

दहावीला मोहिनीला गणितात अकरा आले होते. तेव्हा हितू सहावीत होता, आई रागावली तर हा मध्ये जाऊन उभा राहिला होता. तिला वाटलं आपण आता त्याच्यासाठी कुठे जाऊन उभं राहायचं.

"माह्या भाऊ येडा नव्हता," ती म्हणाली.

"नाही ताई," मेघा म्हणाली, "बाकीच्या फाईली बघितल्या मी. एवढ्या स्वच्छ आहेत, आमच्याकडे पण कोणी लिहीत नाही. फक्त ही एकच अशी आहे. आणि हे बघा, प्रत्येक वळणाच्या वर त्याने लिहून ठेवलंय का केलं ते."

आणि तिने वाचायला घेतलं. चुडामण आबा, शनिवार नको, ताईने सांगितलं. शेवंताबाई, फोनच करायचा, ताईने सांगितलं. पुनाभाऊ, ताईने सांगितलं. मोहिनी ऐकत राहिली. ही वळणं कोणी घातली? कागद घेऊन बसत होतं कोण? एकशे त्रेसष्ट वेळा तिनेच फोन लावला होता आणि एकदाही, एकदा पण, राहू दे रे हितू असं म्हटलं नव्हतं. तो हसायचा आणि तिला वाटायचं त्याला सोपं जातं.

मध्ये एका जागी त्याने लिहिलं होतं, हे सगळं बाहेर काढून वेगळं मांडायचं, या वर्षी नक्की. खाली तारीख होती चार वर्षांपूर्वीची.

अमृतभाऊ उठले. खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "मोहिनी, तू म्हनशीन तं ठेवू आपन. गट काही बोलनार नाही. हितूचं आहे."

खरंच ठेवलं असतं त्यांनी. मोहिनीने एक शब्द बोलायचा होता. आणि पुढच्या भोंगऱ्याला परत गाड्या उभ्या राहिल्या असत्या, परत कोणाची तरी बाग पिवळी झाली असती, आणि लोकांनी हितूचं नाव घेऊन कपाळाला हात लावला असता. तोंडावर नाही बोलले असते. मागे बोलले असते.

"नवीन करा भाऊ," ती म्हणाली.

पण नवीन करायचं तर जुन्यातलं काय लागतं काय नाही ते माहीत पाहिजे, आणि ते माहीत असणारा माणूस एकच उरला होता. मग आठ दिवस मेघा आणि मोहिनी बाजूबाजूला बसल्या. मेघा एक वळण वाचायची, मोहिनी सांगायची ठेव नाहीतर काढ. पुनाचा भाऊ मागच्या वर्षी वारला, आता भांडायला कोणी नाही. काढ. शेवंताबाईंचं ठेव. आबांचा शनिवार ठेव. एका म्हाताऱ्याला अमावस्या चालत नव्हती, त्याने बागच विकून टाकली, काढ. दर वेळी काढ म्हणताना मोहिनीच्या हाताची मूठ वळायची.  मेघा एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही एवढी माणसं डोक्यात कशी ठेवता हो?"

"मी नाही ठेवत. तो ठेवायचा."

सातव्या दिवशी मेघा वाचता वाचता थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. दीड ते दोन नोंद घ्यायची नाही, असं आहे. रोज."

मोहिनी एकदम म्हणाली, "हा, ते बिघडेलच होतं! रोज दीडले बंद पडायचं बघ. सहा वर्षं मी त्याच्या मागे लागली, दुरुस्त कर दुरुस्त कर. लोकं मले बोलता. हा म्हने, करतो करतो. हे एक काम काही केलं नाही त्याने. बाकी जगाचं केलं."

मेघाने पडदा तिच्याकडे वळवला. तिथे मराठीत टाईप केलेलं होतं, मोहिनीने स्वतः वाचलं. ताई जेवत नाही. टण वाजलं की डबा बंद करते. हे तिला सांगायचं नाही.

 बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर मागे घेत होतं, येऊ दे येऊ दे म्हणत होतं.

"हे ठेवायचं ना?" मेघाने विचारलं.

मोहिनीने पदराने तोंड पुसलं. टोळीवाले दुपारीच मोकळे असतात, आबांसारखे म्हातारे लोक जेवण झालं की मोबाईल घेऊन बसतात. दीडलाच सगळ्यांना वेळ असतो. सहा वर्षं तिच्या एका डब्यासाठी अख्ख्या तालुक्याला त्याने बसवून ठेवलं होतं आणि शिव्या स्वतः खाल्ल्या होत्या.

"काढ," ती म्हणाली.

मेघाने हात लावला नाही. "ताई, हे एक राहिलं तरी काही बिघडणार नाही. मी मोजून सांगते. आकडा एकानेच वाढतो."

"त्याचंही असंच झालं ना. एक एक करत." मोहिनी म्हणाली. "काढ म्हटलं ना तुले. पुढचं वाच."

मेघाने काढलं. आणि पुढचं वाचायला लागली, तशी मोहिनीने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

नवीन चालू झालं सोमवारी. त्यात एका कामात दहाच्या वर वळणं कुठेच नाहीत म्हणे, शंभरपैकी आकडा पण चांगला आला. अमृतभाऊंनी पेढे आणले होते, मोहिनीने एक घेतला आणि खाल्ला नाही. बरोबर एक छत्तीसला पडद्यावर टण वाजलं. त्या वेळेला सहा वर्षांत पहिल्यांदा. चुडामण आबांची नोंद होती, उरलेल्या बागेची, आणि पाठोपाठ त्यांचा फोन पण आला.

"मोहिने, हे दीडले कसं काय चालू?"

"आता चालूच राहीन आबा," ती म्हणाली, आणि हिरवं बटण दाबलं.