बर्फ मागणारी मुलगी

ती केस आठवली की आधी जळत्या लाखेचा वास येतो आणि पाठोपाठ माझं मलाच हसू येतं. चेन्नईत पोलीस इन्स्पेक्टर म्हणून नोकरी करताना मी चुका पुष्कळ केल्या. काही वरिष्ठांनी पकडल्या, काही अजून कुणाला ठाऊक नाहीत, आणि त्या मी इथेही सांगणार नाही. पण हिच्याइतकी बावळट चूक दुसरी नाही. जे औषध फ्रीजमध्ये जपायचं, ते मी कापडात गुंडाळलं, सुतळीने आवळलं, वरून वितळलेली लाख ओतली, स्टेशनचा ठसा मारला आणि पत्र्याच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केलं. दिवस मे महिन्यातले. इकडे त्या दिवसांना अग्निनक्षत्र म्हणतात, आणि त्यात कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत. वर मी त्या औषधाच्या मालकिणीला म्हणाले, "काळजी करू नकोस, आता हे सरकारच्या ताब्यात सुरक्षित आहे."

निवृत्ती जवळ आली होती. माणूस दारातून आत येतानाच तो खरं बोलणार की खोटं, हे आपल्याला कळतं, असा त्या इन्स्पेक्टरबाईंचा, म्हणजे तेव्हाच्या माझा, पक्का समज होता. आज त्या बाई कुठे भेटल्या तर मी त्यांना समोर बसवून चांगलं सुनावेन.

खबर आणली आमच्या एट्टय्यांनी. तमिळनाडूत हेड कॉन्स्टेबलला लोक आदराने एट्टय्या म्हणतात. वेलचेरीत एका जिमसमोर शहाळी विकणारी बाई त्यांच्या ओळखीची. ती म्हणाली होती, "पूर्वी पोरं जिममधून घाम पुसत माझ्याकडे यायची. आता शर्ट वर करून, पोट चोळत निघून जातात." शहाळ्याचं गिऱ्हाईक का घटलं याचा शोध घेता घेता तिने आमचं काम केलं. मग एक गृहस्थ स्टेशनला आले. त्यांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. खांदा दुखायचा, पोटही कायम बिघडलेलं. जिमच्या ट्रेनरने त्याला बेंबीशेजारी इंजेक्शनं दिली. त्या जागी मोठं गळू झालं आणि पोरगा आता हॉस्पिटलात ऑपरेशन करून पडला होता. आम्ही गुन्हा नोंदवला आणि ट्रेनरला उचलला.

इतक्या मोकळेपणाने बोलणारा आरोपी मी क्वचितच पाहिला असेल.

"हे पेप्टाइड आहे, मॅडम."

"म्हणजे?"

"शरीराला ऑर्डर देतं. स्नायू फाटला, जोड. आतडं सोललं, सांध."

"आणखी काय करतं?"

"सांधे, केस, झोप, मूड. सगळं सुधारतं."

एट्टय्या कोपऱ्यातून, धाकट्या भावाला हाक मारावी तसं, म्हणाले, "तंबी, माझ्या बढतीचंही बघ की जरा."

ट्रेनर हसला. त्याची नजर माझ्या टेबलावरच्या ॲसिडिटीच्या गोळ्यांवर गेली. नोकरीभर फिल्टर कॉफी पिऊन आणि वेळीअवेळी जेवून मी पोटाची वाट लावून घेतली होती. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारख्यांसाठीच आहे हे. थोड्या दिवसांत गोळ्या फेकून द्याल." खोटं कशाला बोलू, क्षणभर माझंही मन चळलं.

माल कुठून येतो असं विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. फोटोत तो आणि पांढरा कोट घातलेली एक मुलगी. तिच्या हातात छोटी बाटली. दोघं हसताहेत. "अड्यारच्या एका संस्थेत संशोधन करते. तीच देते." जिममध्ये प्रत्येकाला तो हाच फोटो दाखवायचा. गिऱ्हाइकाला फोटो पुरत होता, आणि लाज वाटते सांगायला, इन्स्पेक्टरबाईंनाही पुरला.

मी संस्थेत जाऊन त्या मुलीला गाठलं. मुलगी सांगलीकडची, पीएच.डी. करत होती. आमचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. लिहिताना मी पुस्तकातलं मराठी लिहिते, पण बोलताना तोंडातून घरचं जुनं मराठी निघतं. मी म्हणाले, "भिऊं नकोस. मजला खरें तें सांग." एवढ्या संकटातही तिला हसू फुटलं. "मॅडम, तुम्ही तर एकदम पोथीतलं बोलता." मी डोळे वटारले.

"हे पेप्टाइड म्हणजे काय?"

"प्रोटीनचा अगदी छोटा तुकडा. आम्ही तो लॅबमध्ये तयार करतो."

"तो तुकडा करतो काय?"

"आतड्याच्या पेशींना जखम झाली, तर या तुकड्यामुळे त्या लवकर सरकून जखम बुजवतात, असं दिसतंय. उंदरांमध्येही थोडं दिसलंय."

"आणि माणसांत?"

"माहीत नाही."

"डोस किती द्यायचा?"

"माणसाला? माहीत नाही."

"धोका काय?"

"तेही माहीत नाही, मॅडम. म्हणूनच तर काम चाललंय."

"या फोटोतला हा कोण?"

"ओपन डे होता. शाळेची मुलं, पालक, कितीतरी लोक फोटो काढत होते. हा कोण ते माहीत नाही."

चार वेळा तुरुंगात जाऊन आलेल्या घरफोड्यानेही मला याहून जास्त माहिती दिली असती. कायम 'माहीत नाही' म्हणणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी नव्या पोरांना शिकवत आले होते. ट्रेनरला सगळं ठाऊक आणि जी रोज हेच काम करते तिला काहीच ठाऊक नाही? मी तिच्या फ्रीजमधल्या तयार द्रावणाच्या बाटल्या जप्त केल्या आणि साक्षीदारांसमोर महजर लिहिला. आमच्याकडे पंचनाम्याला महजर म्हणतात.

मी जिना उतरत होते तेवढ्यात ती थर्माकोलचा डबा घेऊन मागे धावत आली. "मॅडम, बर्फ! बर्फात ठेवा त्या. प्लीज."

"हा पुरावा आहे, कुल्फी नाही," मी म्हणाले. स्वतःच्या विनोदावर मी फार खूश झाले होते, हेही आठवतं.

पुढे काय केलं ते वर सांगितलंच आहे.

संस्थेने तिला सांगून टाकलं की पोलिसांकडून नाव मोकळं होईपर्यंत लॅबमध्ये यायचं नाही. संध्याकाळी ती स्टेशनच्या दाराशी उभी. मी तिला बोलावलं नव्हतं.

"मॅडम, मला फक्त थोडा वेळ आत जाऊ द्यायला सांगा. त्यांना उद्या खाऊ घालायचंय."

"कुणाला?"

"माझ्या पेशींना. त्यांचं पाणी बदललं नाही तर त्या मरतील. पुन्हा पहिल्यापासून सगळं वाढवायला स्कॉलरशिप पुरणार नाही, मॅडम. घरी परत जावं लागेल." डोळे भरलेले, पण रडली नाही. एट्टय्यांनी तिला बाकावर बसवून पाणी दिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी फाईलमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी ट्रेनरच्या स्कूटरची झडती होती. स्कूटर उन्हात लावलेली. एट्टय्यांनी सीट उचलली, आतली बाटली धरली आणि हात झटकला. "अय्यो! मॅडम, हिच्यावर ऑम्लेट होईल."

"माल इथेच ठेवतोस?" मी विचारलं.

"नेहमी. गिऱ्हाईक कुठेही भेटतं."

"बर्फात नाही ठेवत?"

ट्रेनरने माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं पाहिलं. "बर्फ कशाला, मॅडम?"

अगदी तोच चेहरा. तोच आवाज. आदल्या दिवशी त्या जिन्यावर मी जशी उभी होते, तसाच तो उभा होता. औषधाच्या बाबतीत तो आणि मी एकाच वर्गातले ढ विद्यार्थी होतो. माझ्या डोक्यात लख्ख झालं. जी मुलगी आपल्याला अडकवायला आलेल्या पोलिसाच्या मागे बर्फ घेऊन धावते, तिच्या हातून हा माल गेला असता, तर घेणाऱ्याला तिने आधी बर्फच ऐकवला असता. या माणसाच्या कानावर तो शब्दच पडला नव्हता.

मी त्याला पुन्हा समोर बसवलं.

"तिने बाटली देताना काय काय सांगितलं?"

"सगळं समजावून सांगितलं, मॅडम."

"कशाकशावर चालतं म्हणाली?"

"सगळ्यावर. शंभर टक्के गॅरंटी दिली तिने."

आता हसायची पाळी माझी होती. "त्या मुलीने गॅरंटी दिली? अरे, आज वार कोणता विचारलं तर ती आधी तपासून बघेल!" एट्टय्या टेबलाला धरून हसत होते. आरोपीला दमदाटीची सवय असते, हसण्याची नसते. त्याचा चेहरा पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलीशी त्याचा संबंध फोटोपुरताच. माल त्याचा मेहुणा भरायचा, गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीमागे एका भाड्याच्या शेडमध्ये. औषध निरीक्षकांना घेऊन आम्ही तिथे छापा घातला. प्लास्टिकच्या बादलीत पांढरी भुकटी, तिच्यात चहाचा चमचा, आणि शेजारी बाटल्यांची झाकणं वाळत घातलेली. भुकटीत औषध असं काहीच नव्हतं, असा पुढे तपासणीचा अहवाल आला.

मुलीचं नाव मोकळं झाल्याचं संस्थेला मी स्वतः कळवलं. तिला आत घेतलं. काही पेशी मेल्या होत्या, काही तग धरून होत्या. कोर्टाची परवानगी काढून मी मुद्देमाल परत द्यायला अड्यारला गेले. तिने लाख फोडली, कापड सोडलं, बाटली उजेडासमोर धरली. आतलं पाणी गढूळ झालं होतं.

"उन्हाने खराब झालंय, मॅडम."

मी टेबलावर पडलेले लाखेचे तुकडे गोळा करू लागले. ती मात्र बाटली फिरवून फिरवून बघत होती. मग म्हणाली, "थांबा. फेकत नाही. हेही लावून बघू. तुम्ही उद्या संध्याकाळी या."

मी एट्टय्यांना घेऊन गेले. तिने मला स्क्रीनसमोर बसवलं. एका बशीत आतड्याच्या पेशींचा थर वाढवायचा, त्यावर बारीक नळीच्या टोकाने रेघ ओढायची. ती रेघ म्हणजे जखम. मग काय होतं त्याचे सूक्ष्मदर्शकातून फोटो काढत राहायचं आणि ते भराभर पुढे सरकवून बघायचं.

आधी तिने जुनी फिल्म लावली, चांगल्या औषधाची. दोन्ही काठांवरच्या पेशी जराशा थरथरल्या. मग एकेक करून पाय पुढे टाकल्यासारख्या सरकू लागल्या. शेजारणीला न सोडता, रांग न मोडता. मधली मोकळी वाट अरुंद होत गेली, आणि दोन काठ एकमेकांना भिडले. रेघ कुठे होती ते आता सांगता आलं नसतं. मी नोकरीभर बंदोबस्त लावले आहेत. शिट्ट्या, दोरखंड, वॉकी-टॉकी, घसा बसेपर्यंत ओरडणं. तरी रांग मोडतेच. इथे ना शिट्टी, ना कुणी इन्स्पेक्टर.

"आता हे बघा," ती म्हणाली. "यात औषध घातलेलंच नाही. तुलनेसाठी."

मला वाटलं, इथे काही हलणार नाही. पण हळू हळू तेही काठ सरकायला लागले. उशीर लागला, पण जखम भरत आली.

"औषध नसताना?"

"हो, मॅडम. त्या आपल्या आपण करतात. आम्ही फक्त जरा घाई करायला सांगतो."

"आणि माझी बाटली?"

तिने तिसरी फिल्म लावली. दुसरीसारखीच. माझ्या लाखेने नि उन्हाने औषध पुरतं मारून टाकलं होतं. पण पेशींनी त्याकडे लक्ष न देता आपलं काम केलं होतं.

जखमा मी हजारो पाहिल्या होत्या. सुरीच्या, कोयत्याच्या, अपघाताच्या. प्रत्येकीची लांबी, रुंदी, खोली कागदावर उतरवली होती. पण जखम भरताना कधी पाहिलीच नव्हती. आमचं काम जखम झाली की सुरू होतं आणि कागद भरला की संपतं. त्यानंतर माणसाच्या आत हे असं चालू असतं, कुणी सांगितल्याशिवाय, इतक्या शिस्तीत? माझ्याही बिघडलेल्या पोटात या क्षणी हेच चाललेलं असेल, या विचाराने अंगावर काटा आला. मी नकळत पोटावर हात ठेवला. कोपऱ्यात उभे असलेले एट्टय्या डोळे पुसत होते. मी पाहिलं तसे म्हणाले, "एसी लागतोय, मॅडम."

या केसने मला काय शिकवलं? चौकशीत मी तोवर उत्तरं मोजत होते. जो भराभर उत्तरं देतो तो खरा, जो अडखळतो तो संशयित. त्या मुलीच्या प्रत्येक 'माहीत नाही'च्या मागे कितीतरी दिवसांचं काम होतं, आणि ट्रेनरच्या 'सगळं'च्या मागे चहाचा चमचा. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोर कुणी 'माहीत नाही' म्हणालं, की मी आधी पाणी मागवून दिलं आणि मगच पुढचा प्रश्न विचारला. आणि हो, स्टेशनात एक छोटा फ्रीज आणवला. वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा पुरावा जपण्यासाठी म्हटलं. एट्टय्या त्यात ताक ठेवायचे.

मुलीचं काम नंतर पूर्ण झालं. माझी उन्हात नासलेली बाटली तिने त्यात घेतली म्हणे, उष्णतेने औषध निकामी होतं याचा दाखला म्हणून. माझं नाव न घालता, हे तिचे उपकार. आता मी निवृत्त, नातवंडांत रमलेली. ती अधूनमधून घरी येते. परवा आली तेव्हा मी फिल्टर कॉफीचा दुसरा टंबलर ओतत होते. मी हळूच विचारलं, "काय गं, तुझं ते औषध बाजारात आलं की या म्हातारीच्या पोटाला लागू पडेल का?"

तिने माझ्या हातातला टंबलर काढून घेतला आणि म्हणाली, "माहीत नाही, आजी. पण ही कॉफी सोडा, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे."