फक्त आईसाठी घेतलेली गाडी

मोटरहोम म्हणजे चाकांवरचा वन बीएचके. त्यात ओटा असतो, फ्रिज असतो, दोन पलंग असतात, टीव्ही असतो, आणि हे सगळं बरोबर घेऊन माणसं जंगलात जातात, कारण त्यांना म्हणे घरापासून लांब जायचं असतं. आम्ही ओंटारिओतल्या ज्या प्रॉव्हिन्शियल पार्कात गेलो तिथे मेपल आणि पाइनच्या झाडांखाली अशी चाळीस-पन्नास घरं ओळीने उभी होती. कुणी दारात पायपुसणं टाकलं होतं, कुणी दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. एका महाशयांनी तर गाडीच्या बाहेरच्या अंगाला टीव्ही लावून बेसबॉलची मॅच चालवली होती. झाडांकडे बघणारा एकही माणूस मला दिसला नाही. घर सोडवत नाही तर निघता कशाला, असं प्रत्येकाला थांबवून विचारावंसं वाटत होतं.

मग मी का गेले? आईसाठी.

आई नागपूरहून ओकव्हिलला आमच्याकडे आली त्याला पाच महिने झाले होते. वय शहात्तर, गुडघे दुखरे. पहिल्याच महिन्यात एकदा हायवेवर आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि तिला लघवी आवरता आली नाही. घरी आल्यावर तिने कुणाशी न बोलता गराजमध्ये जाऊन सीट पुसून काढली, आणि त्यानंतर बाहेर पडायचं नावच टाकलं. नायगारा नको, देऊळ नको, कुणाकडे जेवायला जायला नको. "मला घरीच बरं वाटते," म्हणायची. तिने पाहिलेला कॅनडा म्हणजे आमच्या किचनच्या खिडकीतून दिसणारा शेजाऱ्याचा ड्राइव्हवे. परतीचं विमान तीन आठवड्यांवर आलं होतं. त्याआधी एकदा तरी तिला, लाज न वाटता, मोकळ्या हवेत नेऊन आणायचं मी मनावर घेतलं. त्यासाठी वॉशरूम सोबत असलेली गाडी हवी होती.

नवऱ्याने हे ऑफिसातल्या मित्राला सांगितलं. तो, त्याची बायको आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी लगेच तयार. आमच्या शेजारच्या साइटवर ते तंबू लावणार होते. या मित्राला जगातलं सगळं कळतं. "वहिनी, टोटली अनप्लग व्हायचं. निसर्गाशी कनेक्ट!" असं म्हणाला, आणि उतरल्या उतरल्या आमच्या विजेच्या खांबाला एक्स्टेन्शन कॉर्ड लावून बसला. त्याच्या बायकोने दोन दिवसांसाठी कुकर, पोळपाट-लाटणं, मिसळीचा कट आणि तीन प्रकारच्या चटण्या आणल्या होत्या. जंगलात आल्यावर आम्ही सर्वांत आधी काय केलं असेल, तर कांदे चिरले.

गाडी ताब्यात घेताना भाड्याने देणाऱ्या माणसाने वॉशरूमची टाकी कशी रिकामी करायची ते दाखवलं होतं. परत निघताना पार्काच्या डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या उपसायच्या जागी, थांबायचं, हातमोजे घालायचे, जाड नळी जोडायची, झडप ओढायची. माझा नवरा घरी मोरीत अडकलेले केस काढायलाही मला हाक मारतो. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे बघ, आपण कोणीच वापरायचं नाही," तो हळूच म्हणाला. मी विचारलं, "आणि आई?" "आई वापरतील ना. एका माणसाचं असं किती होणार? तेवढं मी करीन." मला ते पटलं. हे कबूल करते, कारण पुढे मी त्याच्यावर भरपूर ओरडले. आमच्या घरांत हे काम पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं, आणि कोण करतं हे आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

तर पार्कात पोचल्यावर मी सगळ्यांना पिकनिक टेबलापाशी गोळा केलं आणि जाहीर केलं, "आतलं वॉशरूम फक्त आईसाठी. बाकी सगळ्यांनी कम्फर्ट स्टेशनला जायचं."

कम्फर्ट स्टेशन म्हणजे पार्कातली सार्वजनिक वॉशरूम. खडीच्या चढावरून दहा मिनिटं चालत जावं लागायचं.

"ग्रेट वहिनी!" मित्र म्हणाला. "आजकाल आईसाठी एवढं कोण करतं?"

"अहो, त्यात काय," मी म्हटलं, आणि मनातल्या मनात चांगली फुलले.

मित्राच्या मुलीने मार्करने एक पाटी बनवली. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, "आजी ओन्ली". खाली हसरा चेहरा. ती तिने वॉशरूमच्या दारावर चिकटवली. सगळे हसले, आईही हसली. मी आईला त्या पाटीजवळ उभं करून फोटो काढला आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत कौतुकाचा पाऊस.

त्या दुपारी आईने चहा नको म्हटलं. आई चहाला नको म्हणते, एवढ्यावरूनच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा मित्राकडे बघण्यात गुंग होते. त्याने ओली लाकडं रचून शेकोटी पेटवायला घेतली होती आणि अर्धा तास धूर खाऊन झाल्यावर माझ्याकडे हेअर ड्रायर मागत होता. शेवटी समोरच्या साइटवरचे एक म्हातारे गृहस्थ सुक्या काटक्या घेऊन आले, दोन मिनिटांत जाळ करून दिला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. मित्र म्हणाला, "बेसिकली मी पण तेच करत होतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आई खुर्चीतून उठली आणि हेलपाटली. नवऱ्याने धरलं म्हणून पडली नाही. ओठ कोरडे पडले होते. मित्राने लगेच निदान केलं, "लो शुगर". त्याच्या बायकोने गुळाचा खडा आणला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर आईने मान फिरवली.

"नको बाई. खरंच नको."

मी तिला गाडीत नेऊन पलंगावर बसवलं आणि इलेक्ट्रॉलचं पाकीट शोधायला लागले. फ्रिजशेजारच्या भिंतीवर टाक्यांचं पॅनल होतं. हात लागला म्हणून बटण दाबलं. पिण्याच्या पाण्याची टाकी भरलेली. वॉशरूमची टाकी रिकामी. मी पुन्हा दाबलं. रिकामी. वॉशरूमचं दार उघडून पाहिलं तर टॉयलेट पेपरच्या गुंडाळीवरचं वेष्टनसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

मी गाडीचं दार लावून घेतलं. "आई, कालपासून तू जात कुठे होतीस?"

"काल संध्याकाळी गेली होती ना मी, अन् आज सकाळी. तिकडे, वर."

"एकटी? त्या चढावरून?"

"हळूहळू गेली."

"आणि नंतर?"

"नंतर पाणीच नाही प्यायली."

"अगं पण हे आत आहे ना! तुझ्यासाठीच ठेवलंय!"

"तेच तर," आई म्हणाली. "दारावर पाटी लावून ठेवली माझ्या नावाची. टाकीत जे काही असेल ते माझंच, हे लहान पोरीलाही माहीत. अन् ते उपसणार कोण? जावई? जावयाला करायला लावू मी हे?"

ज्या जावयाला ती अजूनही पहिलं ताट वाढते, त्याच्या हाती मी हे काम दिलं होतं, आणि वर चार माणसांना गोळा करून सांगितलं होतं.

मी ती पाटी ओरबाडून काढली, बाहेर येऊन आधी नवऱ्यावर भरपूर ओरडले आणि मग सगळ्यांना म्हटलं, "आजपासून सगळ्यांनी आतच जायचं. तिकडे वर कोणी जायचं नाही."

"पण वहिनी, टँकचं लोड—"

"टँक मी रिकामी करणार आहे. आधी तुम्ही जा."

"मला आत्ता नाही आली."

"येईल. पाणी प्या."

तो गेला. जगातलं सगळं कळणारा माणूस, पण आतली कडी कशी लागते ते त्याला कळेना. मग त्याची बायको गेली, मुलगी दोनदा गेली, नवरा मान खाली घालून गेला, मी गेले. सगळ्यांत शेवटी, कुणी बघत नाहीसं पाहून, आई गेली. बाहेर आल्यावर दोन ग्लास पाणी आणि कपभर चहा प्यायली. मग माझा हात धरून तळ्यापर्यंत आली आणि तासभर बाकावर बसून राहिली. पाण्याकडे बघत बसलेलं त्या पार्कातलं बहुधा ते पहिलं माणूस.

परत निघताना डम्प स्टेशनवर रांग होती. आमच्या पुढे सत्तरीच्या एक बाई गुणगुणत आपली टाकी रिकामी करत होत्या. नवऱ्याने हातमोज्यांकडे हात केला, मी ते ओढून घेतले. काम पाच मिनिटांचं निघालं. वास आला, पण माझ्या आरडाओरड्याइतका काही तो भयंकर नव्हता.

हात धुऊन मी गाडीत आले. नवरा नळी धुवायला खाली थांबला होता. आई खिडकीशी पाण्याची बाटली घेऊन बसली होती. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

"बघ, एवढंसं काम होतं," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी मला सांगायचं होतंस ना."

"तू विचारलं कुठे मला? तू त्यांना सांगितलं."

"अगं आई, तुझ्यासाठीच सांगितलं!"

"माझ्यासाठी असतं तर माझ्या कानात सांगितलं असतं," ती शांतपणे म्हणाली. "चारचौघांत सांगितलं ते तुझ्यासाठी."